नोकरी सांभाळून पदव्युत्तर शिक्षण: ऑनलाइन अभ्यासगटात या चुका टाळा

नोकरी करता करता पदव्युत्तर पदवीचा अभ्यास करणाऱ्याला बुद्धी क्वचितच कमी पडते. कमी पडतात ते तास, आणि सोबत कोणी नसते. पूर्णवेळ विद्यार्थ्याला वर्गाबाहेर पडता पडता कितीतरी गोष्टी सहज कळतात. कोणता स्वाध्याय अवघड आहे, कोणते प्रकरण आधी वाचावे, मार्गदर्शकाला नेमके काय अपेक्षित आहे, हे सारे अर्धवेळ विद्यार्थ्याला स्वतः शोधून काढावे लागते, तेही दिवसभराच्या कामानंतर. ऑनलाइन भेटणारे सहाध्यायी ही उणीव बऱ्याच अंशी भरून काढू शकतात. मात्र गट तयार झाला म्हणजे आधार मिळाला, असे होत नाही. अनेक गट पहिल्या महिन्यात उत्साहाने सुरू होतात आणि सत्र संपण्याआधीच थंडावतात, आणि त्याची कारणे बहुधा त्याच त्या चुकांत सापडतात. माझ्या मते गटाची कसोटी एकच आहे: त्यात घालवलेल्या एका तासामुळे तुमचा अभ्यास पुढे सरकला की नाही.

तासांचा हिशेब न मांडता सुरुवात करणे

युरोपातील श्रेयांक (क्रेडिट) पद्धतीत एका श्रेयांकासाठी साधारण २५ ते ३० तासांचे काम धरले जाते. म्हणजे ६० श्रेयांकांचा अभ्यासक्रम १५०० ते १८०० तासांचा होतो आणि तो दोन वर्षांत, एकही आठवडा न चुकवता पूर्ण करायचा म्हटले तरी आठवड्याला १४ ते १७ तास लागतात. आजारपण, घरची कार्ये आणि कार्यालयातील धावपळीचे आठवडे वगळले की उरलेल्या आठवड्यांवरचा भार आणखी वाढतो. आपल्या अभ्यासक्रमाचा असा हिशेब पहिल्याच आठवड्यात कागदावर मांडावा आणि गटाच्या भेटींचा वेळ त्या तासांच्या आतच बसवावा. गट हा अभ्यासाव्यतिरिक्तचा कार्यक्रम झाला, तर कामाचा ताण वाढताच पहिली कात्री त्यालाच लागते.

याच ठिकाणी गटाचा एक फारसा लक्षात न येणारा उपयोग होतो. ब्यूलर, ग्रिफिन आणि रॉस या मानसशास्त्रज्ञांनी १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अभ्यासात, पदवीचा प्रबंध लिहिणाऱ्या विद्यार्थ्यांनी तो सरासरी सुमारे ३४ दिवसांत पूर्ण होईल असा अंदाज दिला होता. प्रत्यक्षात सरासरी ५५ दिवस लागले. स्वतःच्या कामाचा अंदाज बांधताना माणूस आपल्या योजनेकडे पाहतो, मागच्या अनुभवाकडे पाहत नाही. दुसऱ्याच्या कामाविषयी आपण इतके आशावादी नसतो. म्हणून आपले वेळापत्रक सहाध्यायांसमोर ठेवावे आणि स्पष्ट विचारावे, की मागचा स्वाध्याय मला किती दिवस लागला होता हे लक्षात घेता हे वेळापत्रक पटते का. या प्रश्नाचे प्रामाणिक उत्तर देणारे दोघे जण लाभले, तरी ऐन मुदतीच्या आठवड्यात रात्रीचा दिवस करण्याची वेळ पुष्कळदा टळते.

मोठ्या गटावर विसंबणे

संपूर्ण तुकडीचा दीडदोनशे जणांचा ग्रुप सूचना पोहोचवण्यासाठी ठीक असतो, पण त्याच्याकडून आधाराची अपेक्षा ठेवणे चूक आहे. डार्ली आणि लताने या मानसशास्त्रज्ञांनी १९६८ मध्ये केलेला एक प्रयोग येथे विचारात घेण्यासारखा आहे, कारण त्यातील माणसे एकमेकांना दिसत नव्हती. ती वेगवेगळ्या खोल्यांत बसून ध्वनियंत्रणेवरून बोलत होती. बोलता बोलता एकाला झटका आल्याचे भासवले गेले. ऐकणारे आपण एकटेच आहोत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी ८५ टक्के लोक तो बोलत असतानाच मदतीसाठी उठले. आणखी चौघे ऐकत आहेत असे ज्यांना वाटत होते, त्यांपैकी फक्त ३१ टक्के उठले. मोठ्या ग्रुपवर विचारलेला प्रश्न शंभर जण वाचतात आणि कोणीच उत्तर देत नाही, त्यामागे बहुतेक वेळा हेच असते. लोक दुष्ट नसतात; दुसरा कोणीतरी सांगेल असे प्रत्येकाला वाटते.

उपाय सोपा आहे. मोठा ग्रुप राहू द्या, पण चार ते सहा जणांचा वेगळा गट करा आणि प्रश्न विचारताना नाव घ्या. निवड करताना मैत्रीपेक्षा वेळ जुळतो का ते पाहावे. रात्रपाळी करणारा आणि सकाळी लवकर कामाला निघणारा यांचे कितीही पटले, तरी ते एका वेळी भेटू शकत नाहीत. निरनिराळ्या देशांतील सहाध्यायी असतील, तर घड्याळातील फरक आधीच लिहून ठेवावा.

अर्धवट प्रश्न विचारणे

‘कोणाला तिसरे प्रकरण समजले का?’ या संदेशाला उत्तर देणे जवळजवळ अशक्य असते. दिवसभर काम करून आलेल्या सहाध्यायाने प्रकरण उघडावे, तुमचे घोडे नेमके कुठे अडले ते ओळखावे आणि मग उत्तर लिहावे, एवढी अपेक्षा त्या एका ओळीत दडलेली असते. तोच प्रश्न असा विचारून पाहा: ‘तिसऱ्या प्रकरणात नमुना निवडीच्या दोन पद्धती दिल्या आहेत. माझ्या विषयासाठी मी दुसरी घेतली आहे, कारण मला सर्व कर्मचाऱ्यांची यादी मिळणार नाही. हे कारण पुरेसे आहे का? शुक्रवारी रात्रीपर्यंत सांगितले तरी चालेल.’ यात संदर्भ आहे, स्वतः केलेला प्रयत्न आहे, नेमका प्रश्न आहे आणि मुदतही आहे. असा प्रश्न लिहिता लिहिताच अनेकदा उत्तर सुचते, हा त्याचा आणखी एक फायदा.

अभ्यास वाटून घेणे

वेळ वाचवण्याच्या नावाखाली होणारी ही सर्वांत महागडी चूक आहे. सहा प्रकरणे, सहा जण. प्रत्येकाने एकाच्या टिपणी काढायच्या आणि सर्वांनी त्या वाचायच्या. योजना आकर्षक वाटते, पण शेवटी प्रत्येकाला आपले एकच प्रकरण येते आणि बाकीची पाच केवळ ओळखीची वाटतात. ओळखीचे वाटणे आणि आठवणे यांतील अंतर रोडिगर आणि कार्पिकी या मानसशास्त्रज्ञांनी २००६ मध्ये नेमके दाखवले. तोच उतारा पुन्हा पुन्हा वाचणाऱ्यांना पाच मिनिटांनी जास्त आठवले. परंतु वाचनानंतर स्वतःची चाचणी घेतलेल्यांना आठवड्यानंतर अधिक आठवले. परीक्षा पाच मिनिटांनी नसते.

म्हणून वाटून घ्यायचेच असेल, तर टिपणींऐवजी प्रश्न वाटून घ्यावेत. प्रकरण सर्वांनी वाचावे आणि एकाने त्यावर आठ-दहा प्रश्न काढावेत. मग व्हिडिओ कॉलवर पुस्तक मिटून प्रत्येकाने उत्तरे द्यावीत. जिथे दोघांची उत्तरे जुळत नाहीत तिथेच पुस्तक उघडावे. एखाद्याने आपला मुद्दा आपल्या कार्यालयातील उदाहरण देऊन समजावून सांगितला, की तो इतरांच्याही लक्षात राहतो. नोकरीतून आलेला हा अनुभव अर्धवेळ विद्यार्थ्यांचे खरे बळ आहे आणि गटात तो पुरेसा वापरला जात नाही, याची मला मनापासून खंत वाटते.

मदत आणि नक्कल यांची सीमा पुसट होऊ देणे

‘तुझा स्वाध्याय एकदा पाहू का, फक्त मांडणी कळण्यासाठी’ ही विनंती भिडेखातर नाकारली जात नाही आणि प्रकरण तिथूनच वाढते. वैयक्तिक मूल्यमापनाच्या स्वाध्यायात दोघांची मांडणी आणि उदाहरणे सारखी निघाली, तर अनेक विद्यापीठे तो संगनमताचा प्रकार मानतात आणि देणारा व घेणारा दोघेही अडचणीत येतात. प्रश्नाचा अर्थ लावणे, संकल्पनेवर चर्चा करणे, संदर्भ सुचवणे हे मोकळेपणाने करावे; तयार मजकुराची फाइल मात्र मुदत उलटेपर्यंत कोणालाही देऊ नये. हा नियम गट सुरू होतानाच ठरवला, तर पुढे नकार देताना कोणालाच अवघडल्यासारखे होत नाही.

नोकरदारांच्या बाबतीत आणखी एक धोका असतो. प्रकल्पासाठी वापरलेली ग्राहकांची नावे, पगाराचे आकडे किंवा कंपनीचे अंतर्गत अहवाल ग्रुपवर टाकले, की त्यांवरचा ताबा सुटतो. आधी मालकाची लेखी परवानगी घ्यावी आणि चर्चेसाठी नावे व ओळखीच्या खुणा काढलेला नमुनाच वापरावा.

कामाच्या गर्दीत गप्प होणे

हिशेबाचे वर्षअखेर, मोठी निविदा, सहकाऱ्याची दीर्घ रजा अशा काळात विद्यार्थी गटातून न सांगता नाहीसा होतो. दोन भेटी चुकतात, मग तिसरीला येण्याचा संकोच वाटतो, आणि नेमक्या ज्या काळात सोबतीची गरज असते त्याच काळात ती तुटते. गट मोडण्याचे हे सर्वांत मोठे कारण आहे, असे मला वाटते. सत्राच्या आरंभीच प्रत्येकाने आपले गर्दीचे आठवडे सामायिक कॅलेंडरवर नोंदवावेत. त्या आठवड्यांत त्या व्यक्तीकडून भेटीची नव्हे, तर एका ओळीच्या संदेशाची अपेक्षा असावी: ‘या आठवड्यात वाचन नाही, पुढच्या रविवारी येतो.’ परत आलेल्याकडून खुलासा मागू नये. कोणत्या पानापासून सुरू करायचे तेवढे त्याला सांगावे.

गट आधीच थंडावला असेल, तर लांबलचक आवाहने करून उपयोग होत नाही. एकाच सहाध्यायाला थेट विचारून ५० मिनिटांची एक मूक बैठक ठरवावी. दोघांनी कॉल सुरू करावा, पहिल्या दोन मिनिटांत ‘मी साहित्य आढाव्याचे दोन परिच्छेद लिहिणार’ असे नेमके काम सांगावे, आवाज बंद करून लिहावे आणि शेवटी किती झाले ते दाखवावे. पुढच्या आठवड्याची वेळ तिथेच ठरवावी. अशा दोन-तीन बैठका झाल्या, की बाकीचे परत येऊ लागतात, कारण त्यांना तिथे होणारे काम दिसते.

दिवसभर सुरू असलेला संवाद

कार्यालयीन काम सुरू असताना ग्रुपमध्ये डोकावत राहिल्याने दोन्हीकडचे नुकसान होते. एका कामावरून दुसऱ्याकडे वळताना लक्षाचा काही भाग मागच्या कामातच रेंगाळतो, हे संशोधक सोफी लेरॉय यांनी २००९ मध्ये दाखवून दिले आहे. ग्रुपच्या सूचना बंद ठेवून दिवसातून दोनदा ठरावीक वेळी संदेश वाचावेत. तातडीच्या गोष्टीसाठी फोन आहेच.

गटाला अधिकृत उत्तर मानणे

मुदतवाढ, उपस्थिती, शुल्क आणि संदर्भ देण्याची पद्धत यांविषयी सहाध्यायी सद्भावनेने चुकीचे सांगू शकतात, कारण त्यांचे प्रवेशवर्ष किंवा विषय वेगळा असू शकतो. असे प्रश्न विभागाला लेखी विचारावेत आणि आलेले उत्तर गटात टाकावे. प्रबंधाची दिशा मार्गदर्शकाशी बोलूनच ठरवावी. सततची झोपमोड, निराशा किंवा नोकरी सोडण्याचे विचार येऊ लागले, तर मित्रांनी ऐकून घ्यावे, पण समुपदेशकाकडे जायलाही सांगावे. मुदतवाढीचा अर्ज मात्र गटाच्या मदतीने चांगला लिहिता येतो: कोणता भाग पूर्ण झाला, कोणता राहिला, कामाच्या ठिकाणी काय बदलले आणि नवी तारीख कोणती, एवढे त्यात असावे, एका सहाध्यायाने तो वाचून पाहावा, आणि तो मुदत उलटून गेल्यावर नव्हे, तर अडचण दिसू लागताच विभागाकडे जावा.