सरपंचपद सोडताना: खाणीच्या गावाचा हिशेब कसा सोपवावा

रोकड वही जुळली, शिल्लक दाखवली, चाव्या दिल्या की कार्यभार सोपवला, असं साध्या गावात चालून जातं. कोकणात रेडी-कळण्याचं लोहखनिज, कासार्ड्याची सिलिका, दापोली-मंडणगडचं बॉक्साइट किंवा गावोगावच्या सड्यावरच्या (कातळपठारावरच्या) चिरेखाणी, म्हणजे बांधकामाचा जांभा दगड कापायच्या खाणी, असं जमिनीतून काहीतरी बाहेर जाणाऱ्या गावात तेवढ्याने भागत नाही. तिथे पाच वर्षांत गावातून किती माल गेला, बदल्यात काय आलं आणि मागे काय उरलं, हे लिहून ठेवावं लागतं. नाहीतर पुढच्या सरपंचाला हे सगळं डंपरवाल्यांकडून ऐकावं लागतं.

काम मुदत संपायच्या तीन महिने आधी सुरू करा. मुदत पावसाळ्यात संपत असेल तर खाणीची मोजणी मेपूर्वीच उरका. खड्ड्यात पाणी साठलं की खोली कळत नाही.

पहिला कागद गेलेल्या मालाचा, तो खाण मोजून करा. मोजणी सोपी आहे. लांबी, रुंदी आणि खोली फुटात घ्या, गुणाकाराला 100 ने भागा, म्हणजे ब्रास (100 घनफुटांचं माप) निघतात. 60 × 40 × 12 फुटांचा खड्डा म्हणजे 288 ब्रास. तळ उंचसखल असतो, म्हणून खोली निदान पाच जागी मोजून सरासरी काढा. हा आकडा तहसील कार्यालयातून मिळालेल्या परवान्यातल्या आणि वाहतूक पासांवरच्या ब्रासशी ताडून पाहा. फरक दिसला की लगेच चोरी म्हणू नका. वरचा मातीचा थर आणि चिरा कापताना निघणारी भुकटी-डबर खड्ड्याच्या आकारमानात येतात, विकल्या गेलेल्या चिऱ्यांत येत नाहीत. 14 × 9 × 7 इंची चिरा धरला तर एका ब्रासमध्ये साधारण 196 चिरे बसतात. पण माप तालुक्यागणिक बदलतं, तेव्हा आपल्याकडचा चिरा आधी टेपने मोजा. एवढं करूनही तफावत मोठी निघाली तर तहसीलदारांना लेखी कळवा आणि पोच घ्या. विनापरवाना उत्खननाला जमीन महसूल संहितेच्या कलम 48(7) खाली खनिजाच्या बाजारभावाच्या पाचपटीपर्यंत दंड होऊ शकतो. जाता जाता कशाला वाईटपणा, असं वाटतंच. पण ती पोच दप्तरात नसेल तर बोट तुमच्याकडेच वळेल.

बदल्यात आलेल्या पैशाचा वेगळा कागद करा. स्वामित्वधन (खनिजावरची रॉयल्टी) शासनाच्या तिजोरीत जातं, ग्रामपंचायतीच्या खात्यात नाही. ग्रामसभेत दर वेळी यावरूनच भांडण होतं, म्हणून हे पहिल्याच ओळीत लिहा. त्याखाली जिल्हा खनिज प्रतिष्ठानकडे (खाणबाधित गावांसाठीचा जिल्ह्याचा निधी सांभाळणारी संस्था) पाठवलेले प्रस्ताव तारखेसह द्या: मंजूर, नामंजूर, अडकलेले. या निधीत पिण्याचं पाणी, आरोग्य, शिक्षण, पर्यावरण अशा अग्रक्रमाच्या कामांचा वाटा आधी किमान 60 टक्के होता, 2024 च्या सुधारित सूचनांत तो 70 झाला. त्यामुळे नुसत्या रस्त्यांची यादी पाठवणारी गावं मागे पडतात. धुरळ्याने मोहोर खराब झाल्याचे अर्ज आणि पंचनामे असतील तर त्यांच्या प्रती याच फाइलला जोडा.

तिसरा कागद उरलेल्या खड्ड्यांचा. गट नंबर, मालक, खोली, कुंपण आहे की नाही, पावसाचं पाणी कुठल्या वहाळाला (ओढ्याला) मिळतं. हा भाग बहुतेक जण गाळतात, आणि आमच्या मते सगळ्यांत महत्त्वाचा हाच. जुलै 2021 मध्ये कळण्यात खाणीत साठलेलं पाणी बांध फुटून शेतीत आणि घरांत घुसलं होतं. खड्डा कुठल्या वाडीच्या वर आहे, हे नव्या माणसाला पहिल्या पावसाआधी समजायला हवं.

नेहमीचं दप्तर थोडक्यात: नमुना 5 रोकड वही बँकेच्या पासबुकाशी जुळवा, नमुना 8 (कर आकारणी) आणि 9 (कर मागणी) वरून कराची थकबाकी काढा, खाणमालकांच्या शेड आणि वजनकाट्यांची आकारणी झालीय का ते खास पाहा, नमुना 22, 23, 24 मधल्या मालमत्ता, रस्ते आणि जमिनी प्रत्यक्ष फिरून तपासा. डंपरने उखडलेला रस्ता वहीत मात्र सुस्थितीत असतो.

खरी अडचण डिजिटल स्वाक्षरीची. वित्त आयोगाचा निधी सरपंच आणि ग्रामपंचायत अधिकारी या दोघांच्या स्वाक्षरीने निघतो. जुन्या सरपंचाची नोंद बंद होऊन नव्याची होईपर्यंत देयकं अडकतात. म्हणून झालेल्या कामांची देयकं आधीच मार्गी लावा, आणि टोकन (स्वाक्षरी साठवलेला पेनड्राइव्हसारखा तुकडा) पासवर्डसह कुणाच्याही हाती देऊ नका. ते तुमच्या नावाचं आहे, ग्रामपंचायतीचं नव्हे.

हे तिन्ही कागद शेवटच्या ग्रामसभेत वाचून दाखवा आणि इतिवृत्तात जशेच्या तसे उतरवून घ्या. निवडणूक लांबली तर कार्यभार प्रशासकाकडे जातो. तेव्हाही यादी तीच, फक्त सही घेणारा बदलतो. तीन प्रती करा: एक दप्तरात, एक पंचायत समितीला, एक तुमच्या घरी. प्रत्येक पानावर देणारा आणि घेणारा, दोघांच्या सह्या आणि तारीख हवी. नुसत्या शेवटच्या पानावर सही असली की मधली पानं बदलतात.