गवताचं औषध मारताना बेडूक मारताय: या चुका टाळा

दर जून-जुलैत माझ्या फोनवर तेच ते फोटो येतात. शेततळ्याच्या कडेला पांढरं पोट वर करून पडलेले बेडूकमासे, म्हणजे बेडकाची शेपटीवाली पिल्लं, आणि खाली मेसेज, "दादा, हे कशाने?" मी विचारतो बांधावर काय मारलंस, तर उत्तर ठरलेलं, "काय नाय, नुसतं गवताचं औषध." नुसतं! कीटकनाशक असेल तर माणूस निदान घाबरतो, हात धुतो, पोरांना लांब उभं करतो, पण तणनाशक म्हणजे गवतालाच लागणार, बेडकाला कशाला लागेल असं सगळ्यांनी धरूनच ठेवलंय. आमची कणकवली तालुक्यात भातशेती आणि काजू आहे, बेणणीला, म्हणजे तण काढायला, माणसं मिळत नाहीत हे मला कोणी शिकवायला नको, त्यामुळे "तणनाशक बंद करा" हे प्रवचन इथे मिळणार नाही. मी पण मारतो, कमी मारतो. पण काही चुका इतक्या फालतू आहेत की त्या टाळायला एक पैसा लागत नाही, आणि तरी दरवर्षी त्याच होतात.

"आमच्याकडे बेडूक ओरडतात की!"

ही माझी सगळ्यात नावडती चूक, आणि ही करणारे बहुतेक चांगले, काळजीवाले लोक असतात. पहिल्या पावसात पिवळेजर्द मोठे बेडूक खाचरात येऊन घसा फोडतात, माणूस खूश, म्हणजे आपल्या शेतात सगळं ठीक. अहो, ओरडतात ते मोठे नर, आणि मोठा बेडूक काही वर्षं जगतो. तेच जुने गडी दरवर्षी येऊन ओरडत राहतील आणि खाली एक पिल्लू मोठं होत नसेल, तरी तुम्हाला कानाने काही कळणार नाही. कळेल तेव्हा एखाद्या वर्षी अचानक शांत होईल आणि मग लोक म्हणणार, "एका वर्षात कुठे गेले?" एका वर्षात नाही गेले.

औषध लागतं ते खाली, पाण्यात. बेडकाच्या अंड्याला कवच नसतं, नुसता चिकट गोळा. बेडूकमासा कल्ल्यांनी श्वास घेतो, म्हणजे पाण्यात जे आहे ते थेट आत. मोठा बेडूकही तोंडाने पाणी पीत नाही, पोटाखालच्या कातडीने ओढतो, त्यामुळे फवारलेल्या ओल्या गवतात बसला की तो ते औषध पितोच आहे असं समजा. त्यात आपलं वेळापत्रक बघा, अंडी पहिल्या-दुसऱ्या पावसात, लावणी जूनशेवट-जुलैत, आणि प्रेटिलाक्लोर किंवा ब्युटाक्लोर, ही भातातली तणनाशकं, टाकायची ते लावणीनंतर तीन-चार दिवसांत, साचलेल्या पाण्यात. म्हणजे पाळणाघरात बाळं असतानाच आपण औषध मारणार. वर तणनाशकाने पाण्यातलं शेवाळंही मरतं, आणि शेवाळं हेच त्या पिल्लांचं जेवण. पाणी नितळ दिसतं, माणूस म्हणतो वा काय स्वच्छ आहे.

आणि मेलेली पिल्लं दिसत का नाहीत? कारण खेकडे, पाणकिडे आणि विरोळे एका रात्रीत साफ करतात. तुम्ही सकाळी दहाला चहा पिऊन बघायला गेलात तर काय दिसणार.

ज्यांना वाटतं मेला नाही म्हणजे काही झालं नाही, त्यांच्यासाठी अ‍ॅट्राझिनचं उदाहरण. मका आणि उसात सर्रास वापरतात, घाटावरच्या मंडळींनी नीट वाचा. अमेरिकेत बर्कलीच्या विद्यापीठातल्या टायरोन हेस यांनी आफ्रिकी नखवाले बेडूक या औषधाच्या पाण्यात वाढवले, 2010 मध्ये निकाल छापले. पाण्यात प्रमाण किती, तर अब्ज भागांत अडीच भाग. नरांपैकी साधारण 10 टक्के चक्क मादी झाले, अंडी घातली, आणि बाकीच्या बऱ्याच नरांची नरपणाची लक्षणंच गळाली. यावर खूप वाद झाला, काही दुसऱ्या प्रयोगशाळांना तसे निकाल मिळाले नाहीत, तेही सांगतो. पण बेडूक जिवंत, उड्या मारतोय, आणि तरी त्याचा वंश पुढे जाणार नाही, असं होऊ शकतं एवढं डोक्यात ठेवा.

माझी सवय अशी की ओरडणं मी मोजतच नाही. जुलैच्या शेवटी पहाटे चप्पल काढून बांधावरून हळू चालतो आणि नखाएवढी नुकती बाहेर पडलेली पिल्लं किती उडतात ते बघतो. दहा पावलांत एकही नाही उडालं की त्या खाचराचं काय झालं ते शोधायचं. शास्त्रीय वगैरे काही नाही, पण ज्या वर्षी आमच्या खालच्या मळ्यात एक पण दिसलं नाही त्या वर्षी कारण सापडलं, आणि ते कारण मीच होतो.

फवारणीचा पंप वहाळात, म्हणजे ओढ्यात, धुणे

तर ते असं. लोक म्हणतात आम्ही पाण्यावर मारत नाही, बांधावरच मारतो. मान्य. पण पंप कुठे भरता आणि कुठे धुता? ग्लायफोसेट, म्हणजे बांधावर-बागेत मारतात ते तणनाशक, गढूळ पाण्यात कालवलं तर मातीला चिकटून निकामी होतं, हे दुकानदार सांगतो आणि ते खरंच आहे, मग माणूस स्वच्छ पाणी शोधत वहाळावर जातो, पंप तिथेच भरतो, टोपणाने औषध तिथेच ओततो, थोडं सांडतं, आणि संध्याकाळी तिथेच पंप खळबळून धुतो. मी पण हेच केलं. एक काजूची बाग मारून आलो, पंपात अर्धा एक लिटर उरलेलं, वहाळ अजून वाहता झाला नव्हता, नुसत्या कोंडी, म्हणजे पाण्याचे खळगे, भरलेल्या, त्यातल्या एका कोंडीत पंप बुडवला, हलवला, ओतला. अंधार पडत होता, पाऊस दाटलेला, घाई. दुसऱ्या दिवशी शेजारची काकू म्हणाली, "रे, त्या कोंडीतली पिल्लां मेली मरे सगळी." मी म्हटलं उन्हाने असेल. उन्हाने! जूनमध्ये!

नंतर रात्री बसून हिशोब केला. 41 टक्केवालं औषध 100 मिली, 15 लिटरचा पंप. म्हणजे लिटरमागे साधारण 2.4 ग्रॅम ग्लायफोसेट. उरलेल्या अर्ध्या लिटरात 1.2 ग्रॅम. कोंड किती मोठी, दोन मीटर लांब, दीड मीटर रुंद, वीतभर पण खोल नाही, धरा 300 लिटर. म्हणजे लिटरला 4 मिलिग्रॅम. आता हे बघा, पिट्सबर्ग विद्यापीठाच्या रिक रेलिया यांनी 2005 मध्ये छापलेल्या प्रयोगात ग्लायफोसेटचं बाजारातलं तयार औषध पाण्यात घातलं होतं, प्रमाण लिटरला 3.8 मिलिग्रॅम, आणि तीन आठवड्यांत 96 ते 100 टक्के बेडूकमासे मेले. लोक तेव्हा म्हणाले की तळ्यावर असं थेट कोण मारतं, प्रमाण जास्त घेतलंय. बरोबर आहे, तळ्यावर कोण मारत नाही. पण अर्धा लिटर पंप कोंडीत ओतणारा मी होतोच की.

तेव्हापासून एक जुना निळा ड्रम बागेत वरच ठेवलाय, पाण्यापासून लांब. पंप त्यातून मगाने भरायचा, थेट पाइप सोडायचा नाही. शेवटी पंप तीन वेळा थोड्या थोड्या पाण्याने खळबळायचा आणि ते पाणी त्याच बागेत, ज्या गवतावर मारलं त्यावरच मारून टाकायचं. दहा मिनिटं जास्त जातात. ज्यांना दहा मिनिटं नाहीत पण रील बघायला अर्धा तास आहे त्यांच्याशी मी आता बोलत नाही.

पंपात साबण, शाम्पू, कपड्याची पावडर

माझा एक भाचा मुंबईहून येतो, शनिवार-रविवारचा शेतकरी. व्हिडिओ बघून त्याने औषधात कपडे धुवायची पावडर घातली, गवताला नीट चिकटतं म्हणून. शेततळ्याच्या बांधावर संध्याकाळी मारलं, रात्री पाऊस, सगळं तळ्यात. सकाळी फोन, "मामा, पिल्लं वर येऊन तोंड उघडतायत." मी सांगेपर्यंत पठ्ठ्याने ब्लीचिंग पावडर टाकली होती, पाणी शुद्ध व्हावं म्हणून. जी वाचली असती ती पण गेली.

इथे समजून घ्यायची गोष्ट ही की ग्लायफोसेटच्या बऱ्याच तयार औषधांत बेडूकमाशांना जास्त मारक असतो तो त्यातला साबणासारखा चिकटवणारा पदार्थ, मूळ औषध त्याच्यापुढे सौम्य. तो गवताच्या पानावरचा मेणाचा थर फोडतो आणि कल्ल्यांची नाजूक कातडी पण फोडतो. ऑस्ट्रेलियात 1990 च्या दशकातच याच कारणाने पाण्याजवळ अशी औषधं मारण्यावर निर्बंध आणले. डब्यात तो आधीच असतो आणि तुम्ही वरून आणखी घालता. वर आपल्याकडे ग्लायफोसेटला लेबलवर मंजुरी आहे ती चहाच्या मळ्यांना आणि बिनपिकाच्या जागेला, 2022 च्या ऑक्टोबरात केंद्राने तर अधिसूचनाच काढली की हे परवानाधारक फवारणीवाल्यांनीच मारायचं. गावात कोणी लेबल वाचलंय का विचारा एकदा.

पिल्लं वर येऊन तोंड उघडत असतील तर पाण्यात काहीही टाकू नका. कुजणारं गवत दाताळ्याने बाहेर ओढा, कारण मेलेलं तण कुजताना पाण्यातला ऑक्सिजन खातं आणि अर्धी पिल्लं त्यानेच जातात. विहिरीचं पाणी हळूहळू सोडा, नळाचं नको, क्लोरीन असतं. औषधाच्या डब्याचा फोटो आणि तारीख लिहून ठेवा. बस.

बाकीच्या, पटापट

डब्यावरचा हिरवा किंवा निळा त्रिकोण बघून "सेफ आहे" म्हणणे. तो रंग उंदराच्या पोटात गेलं तर किती विषारी यावर ठरतो, बेडकाचा तिथे काही संबंध नाही.

मीठ, व्हिनेगर आणि साबणाचं "सेंद्रिय तणनाशक". बेडकाच्या कातडीवर मीठ टाकून काय होतं ते शाळेतल्या पोराला विचारा.

भातात औषध टाकून दुसऱ्या दिवशी बांध फोडणे. आपल्याकडे पाणी खाचरातून खाचरात उतरतं, तुमचं औषध खालच्याच्या पिल्लांना. तीन-चार दिवस पाणी अडवा, आणि मोठा पाऊस सांगितला असेल तर टाकूच नका, पैसे पण वाहून जातात.

संध्याकाळी फवारणं. वारा पडतो हे खरं, पण बेडूक तेव्हाच बाहेर पडतात. मी दव सुकल्यावर सकाळी मारतो.

पाण्याच्या अगदी कडेपर्यंत मारणं. दहा-बारा पावलांची पट्टी सोडा, तिथे ग्रासकटर चालवा.

आणि उलटी चूक, प्रत्येक मेलेला बेडूक तणनाशकावर ढकलणं. सह्याद्रीतल्या बेडकांवर कायट्रिड नावाची कातडीची बुरशी सापडलेली आहे. जादा किंवा वाकडे पाय दिसले तरी लगेच ओरडू नका, अमेरिकेत त्यामागे बऱ्याच ठिकाणी एक चपटा कृमी निघाला. आजारी बेडूक उचलून दुसऱ्या तळ्यात सोडायचा उद्योग तर अजिबात नको, आणि मच्छरचं क्रीम लावलेल्या हाताने हातही लावू नका.

भाच्याने दुसऱ्या वर्षी बांधावर काहीच मारलं नाही, ग्रासकटर घेतला. ऑगस्टमध्ये व्हिडिओ पाठवला, बांधावर नखाएवढी पिल्लं नुसती पॉपकॉर्नसारखी उडतायत, आणि खाली लिहिलेलं, "मामा, आता यांच्यावरून मशीन कसं फिरवू?" मी सांगितलं, दुपारी चांगलं ऊन पडलं की फिरव, तेव्हा ती पाण्याच्या कडेला जातात, आणि मशीनची कापायची दोरी जमिनीपासून वीतभर वर ठेव.