जुन्या पोझमधून नवी हालचाल: पिचेत क्लुनचुन यांच्या पद्धतीने

थायलंडचे नृत्यरचनाकार पिचेत क्लुनचुन (जन्म १९७१) सोळाव्या वर्षी चैयोत खुम्मनी यांच्याकडे खोन शिकू लागले. खोन म्हणजे रामकियेन, अर्थात थाई रामायण, सादर करणारं मुखवट्यांचं नृत्यनाट्य. नायक, स्त्री, राक्षस आणि वानर या चार पात्रप्रकारांपैकी पिचेत राक्षसाच्या भूमिकेत घडले. पुढे थाई नृत्यातल्या ५९ मूळ पोझ तपासून त्यांनी सहा तत्त्वं मांडली आणि २०२० च्या रचनेला नाव दिलं 'नंबर ६०'. ती तत्त्वं अशी: ऊर्जा, वर्तुळं आणि वळणं, अक्षबिंदू, हातापायांचा मेळ, शरीराबाहेरची जागा, बदलती नाती. नवं बाहेरून आणून चिकटवायचं नाही, जुन्याच्या पोटातून काढायचं. आम्हाला ही पद्धत मोलाची वाटते ती याचसाठी.

आधी पाया. खोनची तालीम 'तोप खाओ'ने सुरू होते: ताठ बसून गुडघ्यांवर तळव्यांनी ठेक्यात थापा द्यायच्या. मग 'तेन साओ': गुडघे बाहेर वळवून पाय आळीपाळीने उचलून जमिनीवर आपटायचे. भरतनाट्यम शिकलेल्यांची इथे हमखास चूक होते. अरामंडीत, म्हणजे भरतनाट्यमच्या अर्ध्या बैठकीत, टाचा जवळ असतात. राक्षसाच्या पवित्र्यात पावलं लांब फाकलेली असतात. सवयीने पावलं आत सरकली की बैठक उथळ होते आणि राक्षसाचा भारदस्तपणा जातो.

हाताचंही तसंच. 'चीप' मुद्रेत अंगठ्याचं टोक तर्जनीच्या टोकाला नव्हे, तिच्या वरच्या पेराच्या रेघेला टेकतं. उरलेली तीन बोटं पंख्यासारखी ताणायची, मनगट वाकवायचं. टोकाला टोक लावलंत की तो भरतनाट्यमचा हंसास्य हस्त झाला. 'वोंग'मध्ये, म्हणजे हाताच्या कमानीत, चार बोटं जुळवून मागे वाकवायची, अंगठा तळहाताकडे घ्यायचा. वरच्या वोंगमध्ये नायकाची बोटं कपाळाच्या उंचीला, स्त्रीपात्राची भुवईच्या टोकाशी. उंचीतल्या या जराशा फरकावर पात्र ओळखू येतं.

आता रचना. तत्त्वं पिचेत यांची, सराव आम्ही सुचवतो तो असा. एकच पोझ घ्या, थेप्पनोम: छातीशी हात जोडलेला देव. (यातला 'थेप' म्हणजे आपलाच 'देव'.) पोझचा समोरून फोटो काढा आणि कोपर, मनगट, बोटांमधून जाणाऱ्या वळणांवर पेन्सिलने पूर्ण वर्तुळं काढा. मग त्यातलं एकच वर्तुळ हाताने पुरं करा, बाकी शरीर स्थिर. आठ मात्रांत संथ, मग चारांत.

पुढे अक्ष हलवा: कणा एका बाजूला झुकवा, पण बोटांचा बाक सोडू नका. त्यानंतर मेळ मोडा. पाऊल टेकलं की हात दोन मात्रा उशिरा येऊ द्या. इथेच बहुतेकांचं गाडं अडतं, कारण हाताला थांबवताना श्वासही अडकतो आणि खांदे वर चढतात. श्वास पायाबरोबर सोडा, हात मोकळा राहतो.

एका वेळी एकच तत्त्व बदला. दोन एकदम बदललीत तर काय बिघडलं ते कळत नाही आणि मूळ पोझ हरवते. दर फेरीनंतर पुन्हा थेप्पनोमवर या. व्हिडिओ पाहताना आवाज बंद ठेवा. ठेका झाकून टाकतो त्या चुका मग दिसतात. दुसरा नर्तक आणायचा तो अगदी शेवटी, तुमची वर्तुळं पक्की बसल्यावर: तुमच्या हाताने सुरू केलेलं वळण त्याच्या कोपराने पुरं करायचं, स्पर्श न करता.