क्लास लावण्याआधी नाव जुळवा

परदेशी शिकायला जायचं ठरलं की आपल्याकडं कोल्हापुरात पोरं आधी राजारामपुरीत आयईएलटीएसचा, म्हणजे इंग्रजीच्या परीक्षेचा, क्लास शोधतात. त्याआधी दहावीची गुणपत्रिका आणि पासपोर्ट शेजारी ठेवून नाव वाचा. बोर्डाच्या कागदावर आडनाव आधी, मग स्वतःचं, मग वडिलांचं नाव. पासपोर्टवर आडनावाचा रकाना वेगळा असतो.

नुसता क्रम उलटा असेल तर फारसं बिघडत नाही. स्पेलिंग वेगळं असेल, किंवा आडनावाचा रकाना रिकामा राहिला असेल, तर दुरुस्ती आत्ताच करा. रकाना रिकामा असला की अमेरिकी व्हिसाच्या अर्जात तुमचं नावच आडनाव होतं आणि नावाच्या जागी ‘एफएनयू’ (‘फर्स्ट नेम अननोन’, म्हणजे नाव माहीत नाही) पडतं. मग तिकडं बँक, लायसन्स, सगळीकडं तीच कटकट. लग्नानंतर नाव बदललेल्या मुलींनी राजपत्र किंवा विवाह प्रमाणपत्र सोबत ठेवावंच.

पासपोर्टच्या अर्जासाठी कोल्हापुरातच पोस्टाचं पासपोर्ट सेवा केंद्र आहे. आयईएलटीएसचा फॉर्म पासपोर्ट हातात आल्यावरच भरा, कारण परीक्षेला तोच दाखवावा लागतो. निकाल दोन वर्षं चालतो, त्यामुळं उगाच घाई नको.

शिवाजी विद्यापीठातून ट्रान्स्क्रिप्ट, म्हणजे सगळ्या वर्षांच्या गुणांचा अधिकृत उतारा, घेताना चार-पाच सीलबंद प्रती एकदमच मागा. जर्मनीला जाणाऱ्या बहुतेकांना नोव्हेंबर २०२२ पासून एपीएस प्रमाणपत्रही (शिक्षणाची कागदपत्रं तपासल्याचं) लागतं. एजंट हे शेवटी सांगतात, तुम्ही पहिल्या भेटीतच विचारा.