पुरात बुडालेली विहीर पुन्हा पिण्याजोगी करताना

पूर ओसरला की कठड्यावरून दोन-चार मुठी टीसीएल, म्हणजे ब्लीचिंग पावडर, विहिरीत सोडायची आणि संध्याकाळी घागर लावायची, असं गावोगावी चालतं. पाणी त्यानं शुद्ध होत नाही. गढूळ पाण्यात क्लोरीन आधी गाळ, शेण आणि कुजलेल्या पाल्यावर खर्ची पडतो, जंतूंच्या वाट्याला काही उरत नाही. म्हणून क्रम मोडायचा नाही: उपसा, गाळ, घासणं आणि सगळ्यात शेवटी टीसीएल.

‘आमची विहीर आजवर बुडाली नाही’ हा भरवसाही आता सोडावा लागेल. कोल्हापूरच्या राजाराम बंधाऱ्यावर पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट आहे. २०१९ मध्ये नदी ५५ फुटांवर गेली आणि दोनच वर्षांनी, जुलै २०२१ मध्ये, ५६ फुटांवर. त्याच जुलैच्या पावसात महाबळेश्वरला २४ तासांत ५९४ मिलिमीटर पाऊस झाला. हवा १ अंशाने तापली की तिची बाष्प धरून ठेवण्याची ताकद सुमारे ७ टक्क्यांनी वाढते, आणि अरबी समुद्रही तापतो आहे. त्यामुळे पाऊस पडतो तेव्हा थोड्या वेळात फार पडतो. आजोबांनी कठडा बांधला तो त्यांच्या काळची पूररेषा पाहून.

उपसा

विहिरीवरची मोटर बुडाली असेल तर स्टार्टरला हात लावू नका. महावितरणकडून लाइन बंद असल्याची खात्री करा, पेटीतला चिखल काढा आणि मोटरची वाइंडिंग वायरमनकडून मेगर (इन्सुलेशन तपासायचं यंत्र) लावून तपासून घ्या. ओली मोटर चालू केली तर ती जळतेच, शिवाय पाण्यात करंट उतरायचा धोका असतो.

डिझेल किंवा पेट्रोल पंप आणला तर तो विहिरीच्या काठावरच ठेवायचा. असा पंप प्रत्यक्षात २०-२२ फुटांपलीकडचं पाणी ओढू शकत नाही, म्हणून लोक तो दोरीने आतल्या टप्प्यावर उतरवतात. जीव जातात ते इथेच. धुरातला कार्बन मोनॉक्साइड विहिरीत साचतो आणि त्याला वास नसतो. पाणी खोल असेल तर सबमर्सिबल पंप भाड्याने आणा.

एका दमात तळ गाठायची घाई नको. पुरानंतर भोवतालची जमीन पाण्याने तट्ट फुगलेली असते. विहीर झटकन रिकामी झाली की बाहेरच्या पाण्याचा सगळा दाब बांधकामावर येतो आणि चिरे आत ढासळतात. काळ्या मातीत ही भीती जास्त. तीन-चार फूट पाणी उतरलं की थांबा, भिंत न्याहाळा. कुठे फुगवटा आला असेल, सांध्यातून गढूळ पाण्याचा झोत सुटला असेल तर उपसा बंद करून आठवडाभर जाऊ द्या. तोवर टँकरचं किंवा उकळलेलं पाणी. पाणी बुडबुडे येईपर्यंत नव्हे, खळखळून उकळायचं.

गाळ आणि भिंती

माणूस उतरण्याआधी पालेदार फांद्या किंवा रिकामी बादली दोरीने अर्धा तास खालीवर करून हवा हलवा. ब्लोअर मिळाला तर उत्तम. पेटता कंदील सोडून बघायची पद्धत प्राणवायू कमी आहे का एवढंच सांगते, विषारी वायू ओळखत नाही. उतरणाऱ्याच्या कमरेला दोर हवा आणि वर किमान दोन धडधाकट माणसं. खालचा माणूस बेशुद्ध पडला तर त्याच्यामागे कुणीही उडी घ्यायची नाही, दोरानेच वर ओढायचं. सापही असतात, तेव्हा बॅटरी, गमबूट आणि हातमोजे लागतातच. पायाला जखम असलेल्याला या कामाला लावू नका. लेप्टोस्पायरोसिस साचलेल्या पाण्यातून जखमेवाटे शिरतो.

गाळ काढून झाला की ताठ ब्रशने भिंती पूररेषेपर्यंत घासा आणि ते पाणीही उपसून टाका. पाण्यावर तेलाचा तवंग दिसला किंवा शेजारचं खता-औषधांचं गोदाम बुडालं असेल तर पुढचं सगळं व्यर्थ आहे. क्लोरीन जंतू मारतो, कीटकनाशक नाही. असं पाणी प्रयोगशाळेचा अहवाल येईपर्यंत पिऊ नये.

टीसीएलचा हिशेब

स्वच्छ पाणी पुन्हा भरू द्या आणि मग मोजा. गोल विहिरीचा व्यास फुटांत घेऊन त्याचा वर्ग करा, पाण्याच्या खोलीने (फुटांत) आणि मग २२ ने गुणा. येतील ते लिटर. १० फूट व्यास आणि १५ फूट पाणी असेल तर १०० × १५ × २२, म्हणजे ३३,००० लिटर.

पुरानंतरचा पहिला डोस दर १,००० लिटरला ६० ग्रॅम, म्हणजे या विहिरीला साधारण २ किलो. हा हिशेब ३३ टक्के क्लोरीन असलेल्या ताज्या टीसीएलचा आहे. तोंड उघडी राहिलेली, गोळे झालेली, वासाचा झणका गेलेली पिशवी पाण्यात टाकणं म्हणजे चुना टाकणं. ताकद २० टक्क्यांवर आली असेल तर १,००० लिटरला १०० ग्रॅम लागेल.

भुकटी थेट विहिरीत नको. नाकाला फडकं बांधून, वाऱ्याकडे पाठ करून आधी थोड्या पाण्यात लापशीसारखी कालवा, मग २०० लिटरच्या प्लास्टिकच्या पिंपात मिसळून दहा मिनिटं निवळू द्या. वरची निवळी विहिरीत चहूबाजूंनी ओता, थोडी भिंतींवरून सोडा. खालचा चुन्याचा साका बाहेर टाका. बादली तळापर्यंत सोडून वीस-पंचवीस वेळा वर-खाली करा, नाहीतर औषध वरच्या दोन-तीन फुटांतच राहतं. मग विहीर २४ तास बंद.

दुसऱ्या दिवशी वास कमी होईपर्यंत पाणी उपसा. ग्रामपंचायतीच्या जलसुरक्षकाकडून ओटी टेस्ट, म्हणजे पाण्यातला क्लोरीन रंगावरून मोजायची चाचणी, करून घ्या. मोकळा क्लोरीन दर लिटरला ०.५ मिलिग्रॅमच्या आसपास हवा. पिवळा रंग थेंब टाकल्याबरोबर पाहायचा. पंधरा मिनिटांनी गडद झालेला रंग हिशेबात धरायचा नाही. पुढे रोज १,००० लिटरला ५ ग्रॅमपासून सुरुवात करा, ओटीनुसार कमी-जास्त करा आणि पाणी तासाभरानेच भरा. आठवड्याने हायड्रोजन सल्फाइडच्या (एच-टू-एस) चाचणीच्या कुपीत पाण्याचा नमुना ठेवा. एक-दोन दिवसांत तो काळा पडला तर विष्ठेचा संसर्ग अजून आहे. बहुतेक वेळा जवळच्या शौचालयाचा खड्डा झिरपत असतो.

साडेसहा इंची बोअरमध्ये फुटाला साडेसहा लिटर पाणी असतं. १०० फूट पाण्याला सुमारे ४० ग्रॅम पुरतात. निवळी आत सोडून नळाला वास येईपर्यंत मोटर चालवा आणि रात्रभर बंद ठेवा.

कठडा

पूररेषेवर दोन फूट कठडा चढवणं आणि भोवती बाहेर उताराचा ओटा करणं उपयोगी, पण जिथे दोन-तीन फूट पाणी चढतं तिथेच. शिरोळ तालुक्यात कृष्णा-पंचगंगेच्या संगमाजवळ घरंच्या घरं बुडतात. तिथे कठड्यावर पैसे घालू नका. उंचवट्यावर बोअर घ्या, केसिंग (बोअरचा बाहेरचा पाइप) जमिनीच्या वर काढा आणि तोंडाला रबरी गॅस्केटचं झाकण बसवा. झाकणातून केबल जाते तिथली फट बुजवायची राहून जाते आणि पुराचं पाणी नेमकं तिथून आत शिरतं.