परदेशी तुरुंगात अडकलेल्या माणसासाठी घरच्यांनी काय करावे

बेळगाव, खानापूर किंवा निपाणीकडून आखातात कामाला गेलेल्या माणसाच्या सामानातील पुडक्यात अमली पदार्थ सापडल्याचे घरी कळते, तेव्हा पहिला फोन बहुधा त्याला पाठवणाऱ्या एजंटाला जातो. तो टाळावा, कारण ते पुडके एजंटाच्याच ओळखीतून आलेले असू शकते. पासपोर्ट व व्हिसाच्या प्रती, अटकेची तारीख आणि ठिकाण एवढे जमवून त्या देशातील भारतीय दूतावासाला लेखी कळवावे आणि परराष्ट्र मंत्रालयाच्या ‘मदद’ पोर्टलवर तक्रार नोंदवावी.

व्हिएन्ना येथे 1963 साली झालेल्या करारातील कलम 36 नुसार अटकेतील परदेशी व्यक्तीला आपल्या दूतावासाशी संपर्क साधता येतो. बोलणे झाल्यास त्याला हे सांगावे, आणि न समजणाऱ्या भाषेतील कागदावर सही करू नये असेही बजावावे. दूतावासाचे अधिकारी तुरुंगात भेट घेतात, वकील सुचवतात, गरजूला भारतीय समुदाय कल्याण निधीतून कायदेशीर मदत मिळू शकते; सुटका मात्र त्यांच्या हातात नसते.

खरी मेहनत पुराव्यांवर करावी लागते आणि ती गावातूनच होते. नातेवाइकाने दिलेल्या पुडक्यात चरस निघाल्यामुळे कतारमध्ये 2019 साली दहा वर्षांची शिक्षा झालेले मुंबईचे एक दाम्पत्य 2021 साली निर्दोष सुटले, त्यात मुंबईत झालेल्या तपासाचा मोठा वाटा होता. म्हणून व्हॉट्सअ‍ॅपवरील संदेश, फोनवरील संभाषणाची ध्वनिमुद्रणे, तिकिटाचे पैसे कोणी भरले याची नोंद, यांतले काहीही पुसू नये, आणि पुडके देणाऱ्याविरुद्ध स्थानिक पोलिसांत लगेच तक्रार द्यावी. आपल्याकडे तक्रारीची प्रत बहुधा कन्नडमध्ये मिळते. तिचे प्रमाणित भाषांतर करून घेतल्याशिवाय तिकडच्या वकिलाला तिचा उपयोग नसतो.

शिक्षा झालीच, तर 2003 च्या कैदी प्रत्यावर्तन कायद्यानुसार, संबंधित देशाशी भारताचा करार असल्यास, उरलेली शिक्षा भारतात भोगता येते. निकाल अंतिम असावा, साधारणपणे किमान सहा महिने शिक्षा उरलेली असावी, ती फाशीची नसावी, आणि दोन्ही सरकारांची संमती हवी. अर्ज कैद्याने स्वतः करायचा असतो. सीमाप्रश्नावर आपली भूमिका काहीही असली तरी निपाणी-खानापूरच्या कैद्याबाबत विचारणा कर्नाटक सरकारकडेच होते. तेव्हा कोल्हापुरातील पुढाऱ्यांकडे खेटे घालण्यापेक्षा आपल्या खासदाराला पत्र द्यावे. खानापूर उत्तर कन्नड लोकसभा मतदारसंघात येते आणि निपाणी चिक्कोडीत, हे पत्रावर नाव घालण्यापूर्वी पाहून घ्यावे. बेळगावजवळच्या हिंडलग्याचाच तुरुंग मिळेल असे नाही, परंतु घरचे लोक कोठे राहतात हे अर्जात स्पष्ट लिहावे.