एनआयपीटीचे नमुने सांगलीहून पाठवताना: माझा अनुभव

विश्रामबागच्या आमच्या कलेक्शन सेंटरमधून गरोदर बायकांचे एनआयपीटीचे (आईच्या रक्तात उतरलेल्या बाळाच्या डीएनएवरून गुणसूत्रांचे दोष तपासणारी चाचणी) नमुने मुंबईला जातात. मध्यंतरी काही नमुने नाकारले जाऊ लागले. आधीच धास्तावलेल्या बाईला पुन्हा सुई टोचायची, निकालासाठी पुन्हा ताटकळत ठेवायचं, हे मला फार लागायचं.

एकदा पॅकिंग होताना शेजारी उभं राहून पाहिलं. कुरिअरवाला सवयीने बर्फाच्या पिशव्या थेट नळ्यांना चिकटवत होता! पेशी टिकवणारं द्रव्य असलेल्या या नळ्यांना ती थंडी सोसत नाही. पांढऱ्या पेशी फुटल्या की आईचा डीएनए प्लाझ्मात, म्हणजे रक्ताच्या द्रव भागात, उतरतो आणि बाळाचा, खरं तर वारेतून आलेला, डीएनए त्यात विरळ होतो.

आता नळी १० मिलीपर्यंत पूर्ण भरते, लगेच ८ ते १० वेळा हलक्या हाताने उलटसुलट करते. जोरात हलवायची नाही. आमच्या नळ्यांत रक्त ६ ते ३७ अंशांत १४ दिवस टिकतं. पण एप्रिलमधली सांगली ३७ वर थांबते कुठे? म्हणून थर्माकोलचा डबा, खोलीच्याच तापमानाचे जेल पॅक आणि रात्रीची गाडी. साधी ईडीटीए नळी (रक्त गोठू न देणारी, पण पेशी न टिकवणारी) असेल तर प्लाझ्मा काही तासांतच वेगळा करावा लागतो, त्यामुळे लांबच्या प्रवासाला ती वापरत नाही.